पात्याची खाच

माझ्या वरच्या पुढच्या दाताला एक खाच होती. होती म्हणतो, कारण गेल्या वर्षी भाकरी खाताना तो दात पडला. आमच्या वेळच्या वायरमनची ती ओळखच होती. वायर दातात धरायची, मनगटाने एक हिसका द्यायचा, वरची प्लॅस्टिकची साल तोंडात आणि आतली तार उघडी. चार-पाच वर्षं असं केलं की दाताला वायरच्या मापाची खाच पडते. मी ती लोकांना हसून दाखवायचो. शाळा चौथीत सुटली, कागद कुठलाच नाही, म्हणून हेच माझं सर्टिफिकेट असं सांगायचो. पण आज त्या दाताबद्दल लिहायला बसलेलो नाही. दुसऱ्या एका खाचेबद्दल बसलोय, जी मी आजवर कुणाला दाखवली नाही. सून म्हणते, बाबा सगळं लिहिताय तर चांगलंचुंगलं लिहा. चांगलंचुंगलं आधीच्या पानांवर झालं. हे एवढं राहिलं होतं.

कर्जतात दाऊदचाचांच्या हाताखाली मी काम शिकलो. तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांचा असेन. चाचांचं घर बाजाराच्या मागे, पुढे ओटा, आत दोन खोल्या, आणि दाराशीच चाचीचं शिवणयंत्र. त्या घरात पाऊल टाकलं की पहिल्यांदा त्या यंत्राचा आवाज यायचा, आणि त्याच्यामागून सुकटीच्या कालवणाचा वास. चाची पाय न थांबवता विचारायची, "नामा, जेवलास का रं?" जेवलो म्हटलं तरी तांदळाची भाकरी पुढे यायचीच, पातळ, कडेला जराशी करपलेली. आमचं घर पळसदरीकडच्या एका वाडीत. आमच्यात पण भाकरी तांदळाचीच, पण आईची भाकरी जाड, हाताएवढी, आणि सोबत वालाचं बिरडं. पहिल्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा आईने विचारलं, "त्यांच्यात काय खाल्लंस?" मी म्हटलं, सुकट. ती म्हणाली, "मग आपल्यासारखंच हाय की," आणि तो विषय तिथेच संपला.

चाचा बोलायला हळू आणि हत्याराच्या बाबतीत अतिशय चिकट माणूस. तेव्हा घरांच्या वायरिंगला ॲल्युमिनियमची एकेरी तार सगळीकडे वापरायचे. ही तार फार मानी. साल काढताना तिला जराही धार लागली, एक बारीक गोल ओरखडा पडला, तरी त्या दिवशी काही दिसत नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो, मालक चहा पाजतो. मग काही महिन्यांनी तार त्या ओरखड्यावरच तापते, ठिसूळ होते, आणि बोर्डाच्या आत तुटते. म्हणून चाचांचा सगळा जीव त्यांच्या स्ट्रिपरमध्ये. स्ट्रिपर म्हणजे वायर सोलायची पक्कड. दोन पाती, दोन्हींच्या धारेला मधोमध कोन, आणि पाती किती मिटावीत ते ठरवायला दांड्यावर एक स्क्रू. वायर जाड असेल तर स्क्रू पुढे, बारीक असेल तर मागे. स्क्रू बरोबर लावला की पातं सालीत शिरतं आणि तारेच्या आधी थांबतं.

तो स्ट्रिपर घ्यायला त्यांनी मला मुंबईला नेलं होतं. दुकानदाराने दहा-बारा नग पुढे टाकले. चाचा एकेक उचलायचे, मिटायचे आणि दाराच्या उजेडाकडे धरून दोन पात्यांमधल्या भोकातून बघायचे. भोक चारी बाजूंनी सारखं दिसलं पाहिजे. मग पाती जोडणाऱ्या खिळ्यापाशी हलवून बघायचे, पाती इकडेतिकडे डुलतात का. मग स्क्रू आवळून वीसएक वेळा दाबायचे आणि स्क्रू जागचा हलला का ते तपासायचे. दुकानदार कंटाळला. म्हणाला, "चाचा, हत्यार बघताय का सून बघताय?"

चाचा म्हणाले, "सून बघायला बायकोला पाठवीन. ह्याच्यात माझं नाव अडकतं."

मला मात्र ते सगळं थोतांड वाटायचं. माझे दात चांगले होते. मी चाचांपेक्षा दुप्पट वेगाने वायरी सोलायचो आणि साली थुंकत पुढे जायचो. चाचा ओरडायचे, "माणसाचं तोंड जेवायला हाय रं, कामाला नाय." मी ऐकायचो नाही. मी कुणाचंच ऐकणारा नव्हतो, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

दर शुक्रवारी काम बंद. दुपारी नमाज पढून आले की चाचा ओट्यावर पोतं पसरायचे. जुन्या दात घासायच्या ब्रशने, रॉकेलात बुडवून, स्ट्रिपरच्या पात्यांमधली सालीची घाण काढायची. फडक्याने कोरडं करायचं. चाचीच्या यंत्राचं तेल, एक थेंब खिळ्याला, एक थेंब स्प्रिंगला. पात्याला तेल लावायचं नाही, वायर घसरते. मग वायरचे तुकडे सोलून उघड्या तारेवरून अंगठ्याचं नख फिरवायचं. नखाला काही लागलं नाही तर हत्यार साफ. शेवटी मेणकापडात गुंडाळायचं. "हा फक्त साल खातो," ते म्हणायचे. "लोखंड खायला घातलंस तर दात पडतील ह्याचे." पण मी लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, आणि साखरेच्या आजारामुळे बोटांच्या टोकांना काही कळेनासं झालं. शुक्रवारचं काम माझ्याकडे आलं. चाचा शेजारी बसून चहा प्यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "पाती कशी हायत?" मी सांगायचो, साफ हायत. तेव्हा ती खरोखरच साफ असायची.

त्या उन्हाळ्यात पळसदरीला एका घरावर खांबावरून वीज आणायची होती. खांबापासून घरापर्यंत वायर लोंबू नये म्हणून तिला आधाराची लोखंडी तार लागते. काम सोपं, म्हणून चाचांनी मला एकट्याला पाठवलं. निघताना विचारलं, "पिशवी बघितलीस?" मी म्हटलं, बघितली. बघितली नव्हती. भर दुपारी कौलांवर चढलो, तार ताणून बांधली, आणि जादा टोक तोडायला पिशवीत हात घातला तर तोडायची पक्कड नाही. स्ट्रिपर होता, टेस्टर होता, पक्कड चाचांच्या ओट्यावर. खाली घरची म्हातारी मान वर करून उभी होती. तिला कळलं असावं. म्हणाली, "कोयता देऊ का रं पोरा?"

कोयता घ्यायचा होता. दगडावर तार ठेवून एका घावात तुटली असती. पण मी म्हटलं, "आजी, आमची हत्यारं हायत आमच्याकडं." एकदा तसं बोलून गेल्यावर मग काय करणार. मी स्ट्रिपरचा स्क्रू पूर्ण सैल केला, लोखंडी तार पात्यांमध्ये धरली आणि दोन्ही हातांनी जोर लावला. टक् असा आवाज झाला. तार तुटली. पात्याच्या कोनात तिळाएवढी खाच पडली, आणि खाचेच्या कडेचं पोलाद आत वळून काट्यासारखं उभं राहिलं. मी ते बघितलं, फडक्याने पुसलं, आणि मेणकापडात अगदी चाचांच्या पद्धतीने गुंडाळून ठेवलं.

त्या शुक्रवारी चाचांनी विचारलं, "पाती कशी हायत?"

"साफ हायत."

किती सहज निघालं ते. पुढच्या शुक्रवारी आणखी सहज. मनात यायचं, आज सांगू, मग वाटायचं, पक्कड विसरल्याचंही सांगावं लागेल, पिशवी न बघता बघितली म्हटल्याचंही, आणि कोयत्याचंही. एवढं सगळं एका माणसासमोर कबूल करायचं, तेही मी. त्यात मी स्वतः दातानेच सोलायचो, म्हणजे माझ्या वायरी ठीकच होत्या. तो बिघडलेला स्ट्रिपर फक्त चाचांच्या हातात जायचा. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं लिहिलं तर या कागदांना काही अर्थ नाही.

त्यानंतर पावसाच्या आधी आम्ही खालापूरला तात्या ठोंबऱ्यांच्या नव्या घराचं काम केलं. तात्यांनी भातशेती आणि नोकरी दोन्ही सांभाळून घर बांधलं होतं, माणूस तोंडाने कडक पण मनाने बरा. छताचे पॉइंट माझ्याकडे, खालचे बोर्ड चाचांकडे. चाचा स्टुलावर बसून वायर चाचपायचे, स्ट्रिपर लावायचे, ओढायचे. माझ्या कानाला ऐकू यायचं. चांगलं पातं साल काढतं तेव्हा आवाज होत नाही. त्या पात्याचा बारीक किर्र असा आवाज यायचा, धातूवर धातूचा. चाचांचे कान तसे ठीक होते, पण माझा हातोडा वर चालू असायचा. एकदा ते थांबून म्हणाले, "नामा, जरा ठोकायचं थांब रं." मी थांबलो. त्यांनी एक वायर सोलली, कान दिला, मान हलवली. "कायतरी वाजल्यासारखं वाटलं." मी म्हटलं, "रस्त्यावर टेंपो गेला, चाचा." आणि परत ठोकायला लागलो.

नवरात्र आलं. आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. विळा, कोयता, पहार, आणि मी कामाला लागल्यापासून चाचांची पिशवीपण. चाची दर वर्षी हसून ती माझ्या हातात द्यायची, "आमी रोज पुसतो, तुमी एक दिवस पुजा." आईने पाटावर सगळं मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. स्ट्रिपरला कुंकू लावताना तिचं बोट थांबलं. आई आयुष्यभर भात कापलेली बाई, पातं बघायला तिला उजेड लागत नव्हता. म्हणाली, "नामा, ह्याला दात पडलाय."

मी पाटावरची फुलं सारखी करत राहिलो.

"चाचांना ठावं हाय का?"

"सांगीन."

"आता जा. पूजा मागनं कर."

मी म्हटलं, उद्या जातो. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने ते कुंकू पदराने पुसून काढलं, आणि स्ट्रिपर पाटावरून उचलून खाली जमिनीवर ठेवला. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. उद्या मी गेलो नाही, परवाही गेलो नाही.

दिवाळीनंतर तात्या स्वतः कर्जतला आले. आधी दोन खोल्यांतले बोर्ड बंद पडले होते, आणि आता स्वयंपाकघरातला बोर्ड पेटला होता. त्यांच्या सुनेने बटण दाबलं तेव्हा आत ठिणगी उडाली आणि तिच्या बोटांवर फोड आले. आम्ही तसेच खालापूरला गेलो. ती सून कोपऱ्यात उभी होती, हाताला फडकं बांधलेलं, आणि दुसऱ्या हाताने आमच्यासाठी चहा ठेवत होती. चाचांनी बोर्ड उघडला. तुटलेली तार ओढून काढली, बोटांना कळेना म्हणून ओठावरून फिरवली. ओठावर त्यांना तो गोल ओरखडा लागला. म्हणाले, "ही सोलताना कापली गेलीय."

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या उंदराचं काम. दाताने कुरतडतो, मी बघितलाय."

मी उंदीर. पाच माणसांसमोर. माझ्या डोक्यात आग गेली. आणि मी जे बोललो ते खरंच होतं, तेच तर वाईट. म्हटलं, "तात्या, माझे पॉइंट वरचे हायत. वरचा एक तरी बंद पडला का? हे बोर्ड माझे नायत." सगळ्यांच्या माना चाचांकडे वळल्या. बोर्ड कुणाचे ते सगळ्यांनी बघितलं होतं.

चाचांनी पिशवीतून स्ट्रिपर काढून माझ्यापुढे धरला. "नामा, पातं नीट बघ. साफ हाय ना?"

एवढा एक शब्द बोलायचा होता. नाय. मी खिडकीपाशी नेऊन बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, "साफ हाय."

चाचांनी एक वायरचा तुकडा घेतला, सोलला, ओठावरून फिरवला. चेहरा उतरला त्यांचा. मग दुसरा तुकडा माझ्याकडे दिला. "आता तू सोल. ह्याच हत्याराने."

मी काय केलं ते इथे लिहितो. पाठ वळवून अंगठ्याने स्क्रू अर्धा फेरा पुढे घेतला, म्हणजे पाती पूर्ण मिटणार नाहीत. मग सोललं. साल नीट कापली गेली नाही, ओढून तुटली, तिला दोरे सुटले, पण तार कोरी राहिली. चाचांना दोरे दिसत नव्हते. त्यांनी तार ओठावरून एकदा फिरवली, परत फिरवली. आरशासारखी गुळगुळीत. तोवर मी स्क्रू पहिल्या जागी आणून ठेवला होता. सगळं आयुष्य मी मिरवलं की माझ्यासारखा हात कर्जत-खालापुरात नाही. तो हात मी सर्वांत सफाईने चालवला तो त्या दिवशी.

"मग हत्यार बरं हाय," चाचा म्हणाले. "हातच गेला माझा."

तात्यांचा राग एकदम खाली आला. "चाचा, वय कुणाला चुकतं का? बसा, चहा घ्या."

चाचा बसले नाहीत. आधी त्या सुनेपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बेटी, माझ्या हातनं झालं. माफ कर." तिने पदर सावरला आणि खाली बघितलं. मी भिंतीला टेकून उभा होतो.

पुढचे चार दिवस मी तात्यांच्या घराचे सगळे बोर्ड नवे भरले, दाताने. चाचा शिडी धरून उभे राहायचे, नको म्हटलं तरी. पाचव्या दिवशी शुक्रवार होता. ओट्यावर पोतं पसरलं नव्हतं. चाचांनी सगळी पिशवी माझ्याकडे दिली, आणि मेणकापडातला स्ट्रिपर वेगळा, हातात दिला. "तू हट्टी हायस. पण डोळा चांगला हाय तुझा. दर शुक्रवारी बघत जा ह्याला." आत शिवणयंत्र थांबलं होतं. चाचीने त्या दिवशी जेवलास का विचारलं नाही. विचारलं असतं तर मला घास गेला नसता, पण नाही विचारलं तेही टोचलं.

त्यानंतर चाचांनी वायरला हात लावला नाही. मी मात्र वाढलो. कामं मिळत गेली, नेरळपर्यंत जायला लागलो. दोन-तीन वर्षांनी चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ते बघायला गेलो. काळा चष्मा काढून ते ओट्यावर बसले होते आणि रस्त्यावरच्या माणसांच्या चपलासुद्धा बघत होते. मला म्हणाले, "पिशवीत वायर असंल तर दे रं एक तुकडा." दिला. त्यांनी चाचीच्या शिवणाच्या डब्यातून ब्लेडचं पातं मागून घेतलं, सालीवर हलकेच गोल फिरवलं, साल ओढली. तार उजेडात धरली. फिरवून फिरवून बघितली. मग ओठावरून नेली.

"हात तर बरा दिसतोय," ते म्हणाले.

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

"तो स्ट्रिपर हाय ना तुझ्याकडं? उद्या येताना आण. बघू दे एकदा."

"तो गेला चाचा. पळसदरीच्या धरणात पडला."

"धरणात? तिथं काय माशांच्या घरात वायरिंग करत होतास?"

"मोटर बसवत होतो, काठावर."

"हं." ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते, त्या नव्या डोळ्यांनी. मग ती सोललेली तार त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि आत हाक मारली, "अगं, नामा आलाय. चहा टाक." त्यांनी पुढे कधी त्या हत्याराचं नाव काढलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही हे मला आजही माहीत नाही. चाचा गेले, चाचीही गेली. विचारायला आता कुणी नाही.

स्ट्रिपर धरणात पडला नव्हता. तो माझ्या कपाटात आहे, त्याच मेणकापडात. गेल्या साली माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर मी कपाट उघडून तो काढला आणि खिडकीपाशी नेला, या वेळी खरोखर बघायला. इतकी वर्षं ती खाच माझ्या मनात मोठी होत गेली होती. प्रत्यक्षात ती अगदी बारीक आहे. दगडाला तेल लावून घासली असती तर दहा मिनिटांत निघाली असती. चाचांना त्या पहिल्या शुक्रवारी सांगितलं असतं तर ते ओरडले असते, चहा संपायच्या आत घासून झाली असती, आणि चाचीने भाकरी वाढली असती.

खंडेनवमीला आता सून पाट मांडते. माझी पक्कड, टेस्टर, मुलाचं ड्रिल मशीन, सगळं ओळीने ठेवते. यंदा ते मेणकापड तिच्या हाताला लागलं. तिने उघडून बघितलं आणि विचारलं, "बाबा, हा पण ठेवू का? किती जपून ठेवलाय."

मी म्हटलं, "नको. तो आपला नाय."